धाकट्या भावंडासह घरातील पूर्वप्राथमिक शिक्षण : विकासवाडीचा वारसा आणि लवासा परिसरातील घरे

सारांश

तीन ते सहा वर्षे वयोगटातील बालकाच्या शिक्षणाचा विचार करताना ते बालक एकटे आहे असे बहुधा गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात अनेक घरांत त्याच्या सोबतीला एक-दोन वर्षांचे धाकटे भावंड असते. हे भावंड थोरल्याच्या शिक्षणातील अडथळा मानावे की त्या शिक्षणाचा घटक मानावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे केलेल्या कार्यातून या प्रश्नाचे एक उत्तर मिळते. त्या उत्तराला बालमानसशास्त्रातील काही अभ्यासांची जोड देऊन मुळशी तालुक्यातील लवासा व मोसे खोऱ्याच्या संदर्भात घरगुती शिक्षणाची मांडणी कशी करता येईल, याचे विवेचन येथे केले आहे. भावंडासह शिकणे आणि भावंड सांभाळण्याचा भार वाहणे यांतील सीमारेषा स्पष्ट करण्यावर लेखाचा भर आहे.

बीजशब्द : पूर्वप्राथमिक शिक्षण, भावंड, विकासवाडी, अंगणवाडी, पाळणाघर, मोसे खोरे.

१. प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत मोसे नदीचे खोरे आहे. या नदीवर वरसगाव येथे धरण बांधण्यात आले असून त्याच्या जलाशयास वीर बाजी पासलकर यांचे नाव देण्यात आले आहे. या जलाशयाच्या काठी, मुळशी तालुक्यातील दासवे व आसपासच्या गावांच्या परिसरात लवासा हे नियोजित गिरिनगर उभारण्यास या शतकाच्या पहिल्या दशकात प्रारंभ झाला. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बांधकाम थांबविण्याचा आदेश दिला, २०११ मध्ये पहिल्या टप्प्यास सशर्त मंजुरी मिळाली आणि २०१८ मध्ये प्रकल्प राबविणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. परिणामी नियोजनात अभिप्रेत असलेले शहर व प्रत्यक्षातील वस्ती यांत मोठे अंतर राहिले.

अशा ठिकाणी तीन-चार वर्षांच्या मुलाचे शिक्षण कोठे होते, असा प्रश्न विचारल्यास पहिले उत्तर ‘घरी’ असेच द्यावे लागते. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या, मुसळधार पावसाचे महिने आणि कामानिमित्त होणारे स्थलांतर यांमुळे संस्थेपर्यंत पोहोचणे लहान मुलांना कठीण जाते. गिरिनगरातील सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाची परिस्थिती आर्थिकदृष्ट्या भिन्न असली, तरी समवयस्क मुलांचा अभाव तेथेही जाणवू शकतो. या दोन्ही प्रकारच्या घरांत मुलाच्या वाट्याला येणारा सर्वांत जवळचा सोबती म्हणजे त्याचे भावंड होय.

तथापि शासकीय धोरणात या भावंडाला स्वतंत्र स्थान नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०२४ मध्ये दोन दस्तऐवज प्रसिद्ध केले : जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वर्षांच्या बालकांसाठी ‘आधारशिला’. वयानुरूप अशी विभागणी अभ्यासक्रमाच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु घरात ही रेषा अस्तित्वात नसते. तेथे ‘नवचेतना’चे मूल व ‘आधारशिला’चे मूल एकाच चटईवर बसलेले असते, आणि दोघांकडे पाहणारी आई वा आजी एकच असते. या चटईवर काय घडावे, याचा विचार शिक्षणशास्त्राने करणे आवश्यक आहे.

२. उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची तीन उद्दिष्टे आहेत. (१) धाकट्या भावंडाच्या प्रश्नाला विकासवाडीने दिलेल्या उत्तराचे स्वरूप स्पष्ट करणे. (२) दोन वयांच्या मुलांना एकत्र शिकविण्याची घरगुती मांडणी सुचविणे. (३) या मांडणीतील धोके दर्शविणे. लेखाचे स्वरूप विवेचनात्मक आहे. लवासा परिसरातील कुटुंबांचे सर्वेक्षण हा त्याचा आधार नाही. तो परिसर येथे उपयोजनाचा संदर्भ म्हणून घेतला आहे.

३. विकासवाडीचा अनुभव

महाराष्ट्रातील बालशिक्षणाच्या इतिहासात ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचे कार्य पायाभूत मानले जाते. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी माँटेसरी पद्धतीवर आधारित बालशिक्षणाचे प्रयोग केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शहरी मध्यमवर्गीय मुलांसाठी सुरू झालेली ही चळवळ खेड्यात नेण्याच्या हेतूने त्यांनी १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) याच काळात त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ च्या सुमारास हे कार्य जवळच्या कोसबाड टेकडीवर, वारली आदिवासींच्या पाड्यांमध्ये स्थिरावले.

बालवाडी उघडली म्हणजे मुले येतील, हा समज येथे टिकला नाही. मुले येत नसत, यामागे शिक्षणाविषयीच्या अनास्थेपेक्षा घरातील कामाची विभागणी हे मोठे कारण होते. आईवडील मजुरीस गेल्यावर थोरल्या मुलाकडे, विशेषतः मुलीकडे, तान्ह्या भावंडाची राखण येत असे. काही मुलांकडे गुरे राखण्याचे काम असे. शाळेत जायचे तर बाळाला कोठे ठेवायचे, हा त्या मुलीचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हते.

या प्रश्नावर ग्राम बाल शिक्षा केंद्राने तीन उपाय योजले. पहिला उपाय म्हणजे बालवाडीच मुलांच्या अंगणात नेणे. शिक्षिका वस्तीवर जाऊन मुलांना स्वच्छ करीत आणि तेथेच गाणी, गोष्टी व खेळ घेत. ‘अंगणवाडी’ हा शब्द याच प्रयोगाशी जोडला जातो. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांमुळे तो देशभर रूढ झाला. दुसरा उपाय ‘कुरणशाळे’चा होता. गुरे राखणारी मुले जेथे असत, तेथे शिक्षकच जात. तिसरा उपाय प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘विकासवाडी’ या संकल्पनेत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आल्या. तान्हे मूल पाळणाघरात, मधले बालवाडीत व थोरले शाळेत, अशी ही रचना होती.

या रचनेमागील विचार लक्षात घेण्याजोगा आहे. भावंडाला घरी ठेवून ये, असे थोरल्या मुलीला सांगण्यात आले नाही. तिला भावंडासह बोलावण्यात आले आणि भावंडाची जबाबदारी मात्र मोठ्या माणसांनी घेतली. मुले एकत्र राहिली. भार मात्र थोरल्याच्या खांद्यावरून उतरला. पुढील विवेचन याच तत्त्वावर आधारलेले आहे.

साधनांच्या बाबतीतही विकासवाडीने मार्ग दाखविला. माँटेसरी पद्धतीतील महागडी साधने पाड्यावर परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी बिया, शिंपले, खडे, पाने व बांबू अशा परिसरातील वस्तू वापरण्यात आल्या. शैक्षणिक साधनाचे मूल्य त्याच्या किमतीवर अवलंबून नसून मूल त्याच्याशी काय करते यावर अवलंबून असते, हे त्यातून स्पष्ट झाले.

४. बालमानसशास्त्राचा आधार

दोन वयांची मुले एकत्र शिकू शकतात काय, या प्रश्नावर काही अभ्यास प्रकाश टाकतात. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालकांच्या खेळाचे प्रकार सांगितले. त्यांपैकी ‘समांतर खेळ’ येथे उपयुक्त ठरतो. यात मुले शेजारी बसून सारख्याच वस्तूंशी खेळतात, पण एकमेकांच्या खेळात सहभागी होत नाहीत. दीड वर्षाच्या मुलाकडून सहकारी खेळाची अपेक्षा करणे अवास्तव आहे. समांतर खेळाची अपेक्षा मात्र करता येते.

भाषेच्या संदर्भात शॅट्झ व गेलमन यांचा १९७३ मधील अभ्यास उल्लेखनीय आहे. चार वर्षांची मुले दोन वर्षांच्या मुलांशी बोलताना आपली वाक्ये लहान व सोपी करतात आणि ऐकणाऱ्याचे लक्ष वेधून घेणारे शब्द अधिक वापरतात, असे त्यांना आढळले. ऐकणाऱ्याला काय समजेल याचा अंदाज घेऊन आपले बोलणे बदलणे हे प्रगत भाषिक कौशल्य होय. चार वर्षांच्या मुलाला त्याचा सराव देणारा श्रोता म्हणून धाकटे भावंड अनायासे उपलब्ध असते.

ज्युडी डन व कॅरल केंड्रिक यांनी इंग्लंडमधील केंब्रिज येथे चाळीस कुटुंबांत दुसऱ्या अपत्याच्या जन्माच्या काळात निरीक्षणे केली व ती १९८२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ज्या घरांत आईने थोरल्याशी बोलताना तान्ह्या बाळाचा उल्लेख स्वतंत्र इच्छा-भावना असलेली व्यक्ती म्हणून केला, त्या घरांत भावंडांचे संबंध पुढे अधिक स्नेहपूर्ण आढळले. ‘बाळ का रडत असेल बरे, भूक लागली असेल का?’ असा प्रश्न थोरल्याला विचारणे ही साधी गोष्ट आहे. परंतु दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा विचार करण्याचा तो पहिला धडा असतो.

धाकट्याला शिकविल्यामुळे थोरल्याची बुद्धी वाढते, असे विधान मात्र सावधपणे करावे लागते. झायोन्क व मार्कस यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात थोरल्याच्या ‘शिक्षक’ भूमिकेला महत्त्व दिले होते. नंतरच्या संशोधनात त्या प्रतिमानावर बरीच टीका झाली. म्हणून भावंडासह शिकण्याचे समर्थन बुद्ध्यंकाच्या आधारे न करता भाषा, सहकार्य व स्वनियंत्रण यांच्या आधारे करणे योग्य ठरेल.

५. घरातील मांडणी : एक वस्तू, दोन धडे

घरगुती शिक्षणाचे सूत्र ‘एक वस्तू, दोन धडे’ असे सांगता येईल. वस्तू एकच असावी, परंतु प्रत्येक मुलाचे काम त्याच्या वयाचे असावे. यामुळे पालकाला दोन स्वतंत्र वर्ग भरवावे लागत नाहीत.

(अ) गणनपूर्व कौशल्ये : स्वयंपाकघरातील एकात एक बसणारे डबे वा वाट्या हे उत्कृष्ट साधन आहे. थोरले मूल त्यांची लहानापासून मोठ्यापर्यंत रांग लावते व कोणत्या डब्यावर कोणते झाकण बसेल याचा अंदाज घेते. ही क्रमवारी व एकास-एक संगतीची तयारी होय. धाकटे मूल एक वाटी दुसरीत घालते व काढते. ‘आत’ व ‘बाहेर’ या संकल्पना त्याला हाताने कळतात. दाराशी पडलेल्या चपलांच्या जोड्या लावणे, बाजारातून आणलेले कांदे व बटाटे वेगळे करणे, जेवणाऱ्या माणसांइतकी ताटे मांडणे हे याच प्रकारचे खेळ आहेत. थोरले जोडी शोधते, मोजते व मांडते. धाकटे एकेक वस्तू नेऊन देते.

(ब) हस्तकौशल्ये : भिजवलेल्या कणकेचा गोळा दोघांनाही देता येतो. थोरले घरातील माणसांइतके, शक्य तितके सारखे गोळे करते व लाटण्याचा प्रयत्न करते. धाकटे गोळा दाबते, चिमटते व त्यात बोट खुपसते. अक्षरलेखनापूर्वी बोटांना जी ताकद व वळण लागते, ते पाटी-पेन्सिलीपेक्षा या कामातून सहज मिळते.

(क) भाषा : बडबडगीते, उखाणे व चित्रवाचन दोघांना एकत्र देता येते. चित्र पाहताना धाकट्याने बोट दाखवावे, थोरल्याने नाव सांगावे व ‘पुढे काय झाले असेल’ याचे उत्तर द्यावे. गोष्ट ऐकून झाल्यावर ती बाळाला सांगण्यास थोरल्याला सुचवावे. घटनांचा क्रम लक्षात ठेवून सांगणे ही वाचनपूर्व तयारीच आहे. ज्या घराची बोली प्रमाण मराठीहून वेगळी आहे, तेथे ही सर्व भाषिक कृती घरच्या बोलीतच व्हावी. कातकरी कुटुंबातील मूल आपल्या बोलीत गोष्ट सांगत असेल, तर ते भाषेत मागे नसून पुढे आहे.

(ड) थोरल्याचा स्वतंत्र वेळ : सर्वच गोष्टी दोघांना एकत्र देता येत नाहीत. चिंचोके मोजणे, मणी ओवणे, कात्रीने कागद कापणे व पेन्सिलीने आकार गिरविणे ही कामे थोरल्याला एकट्याने करू द्यावीत. बाळ झोपलेले असतानाची पंधरा-वीस मिनिटे यासाठी पुरेशी होतात. या वेळात घरातील मोठ्या माणसाचे लक्ष पूर्णपणे थोरल्याकडे असावे. तसेच थोरल्याने केलेली मांडणी ठेवण्यासाठी कोनाडा, फळी वा टेबल अशी धाकट्याचा हात न पोहोचणारी जागा निश्चित करावी. तासभर खपून लावलेली रांग बाळाने उधळून द्यावी व वर ‘तू मोठा आहेस ना, जाऊ दे’ असे ऐकावे लागावे, हा थोरल्यावरील अन्यायच होय. आपल्या कामाचे मोल राखले जाते, हा अनुभव एकाग्रतेच्या विकासासाठी अत्यावश्यक आहे.

(इ) सुरक्षितता : येथे एका विसंगतीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. बालवाडीत उत्तम ठरणारी बिया, मणी व खडे ही साधने तीन वर्षांखालील मुलाच्या हाती धोकादायक ठरतात, कारण त्या वयात प्रत्येक वस्तू तोंडात जाते. शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, नाणी व घड्याळातील गोल सेल घशात अडकू शकतात. सेल गिळला गेल्यास आतील भागास गंभीर इजा होते. लहान दाण्यांचे काम संपल्यावर ते मोजून डब्यात भरणे हा थोरल्यासाठी गणनाचाच पाठ ठरू शकतो. खोली तपासणे मात्र मोठ्यांचे काम आहे. पाण्याच्या खेळातही हेच लागू होते. बादलीभर पाणी तान्ह्या मुलाला जिवावर बेतू शकते; म्हणून पाण्याजवळ मोठे माणूस सतत हवे.

६. सोबत आणि भार यांतील सीमारेषा

वरील मांडणीत एक गंभीर धोका दडलेला आहे. ‘भावंडासह शिकणे उपयुक्त आहे’ या विधानाचा आधार घेऊन थोरल्या मुलीला बाळ सांभाळण्यास बसविणे सहज शक्य आहे. चार वर्षांच्या ताईचे कौतुक करताना ती स्वतः चार वर्षांची आहे याचा विसर पडतो. आज अर्धा तास, उद्या अर्धा दिवस, आणि पुढे बाळ आजारी म्हणून अंगणवाडी बुडविणे, असा हा प्रवास होतो. शाळेतून गळणाऱ्या मुलींच्या कहाणीचा आरंभ अनेकदा येथे असतो. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिशुसंगोपन व शिक्षणाकडे मुलींच्या शिक्षणास पूरक ठरणारी सेवा म्हणूनही पाहिले होते. पाळणाघर असेल तरच थोरली मुलगी शाळेत जाऊ शकते, हे वास्तव त्यामागे होते.

म्हणून घरातील कोणतीही कृती तीन कसोट्यांवर तपासून पाहावी. पहिली, मोठे माणूस हाकेच्याच नव्हे तर नजरेच्या अंतरावर आहे काय? दुसरी, कंटाळा आल्यास थोरल्याला खेळ सोडून उठून जाता येते काय? तिसरी, या कृतीमुळे थोरल्याचा स्वतःचा वेळ, झोप वा अंगणवाडीतील उपस्थिती कमी होते काय? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर होकारार्थी व तिसऱ्याचे नकारार्थी असेल, तरच ती सोबत आहे. अन्यथा तो भार आहे. या कसोट्या मुलगा व मुलगी दोघांनाही सारख्याच लागू कराव्यात. बाळासाठी पाणी आणून देणे दादालाही शोभते आणि चित्र काढत बसणे ताईचाही हक्क आहे.

७. लवासा व मोसे खोऱ्याच्या संदर्भात

मोसे खोऱ्यात व तत्सम डोंगरी भागात या विचाराचे उपयोजन तीन पातळ्यांवर संभवते. घराच्या पातळीवर, पावसाळ्यात मुले घरात अडकून पडतात तो काळ डबे, कणीक व गोष्टींच्या खेळांसाठी वापरता येईल. वस्तीच्या पातळीवर, दोन-तीन घरांतील मुलांना आळीपाळीने एका पडवीत वा सदनिकेत एकत्र आणता येईल. अंगणवाडीचे मूळ रूप हेच होते. संस्थेच्या पातळीवर, पाळणाघराची जोड हा कळीचा मुद्दा आहे. केंद्र शासनाच्या मिशन शक्तीअंतर्गत २०२२ पासून राबविण्यात येणाऱ्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. कोसबाडच्या टेकडीवर साठ वर्षांपूर्वी साकारलेली कल्पना त्यातून पुन्हा पुढे आली आहे, असे म्हणता येईल.

महाविद्यालयांनाही या कार्यात भूमिका आहे. गृहविज्ञान, शिक्षणशास्त्र व समाजकार्य या विषयांच्या अध्यापनात बालविकासाचे टप्पे स्वतंत्र प्रकरणे म्हणून शिकविले जातात. दोन टप्प्यांतील मुले एकत्र असताना काय करावे याचा विचार त्यात अभावानेच होतो. प्रात्यक्षिकात हा भाग समाविष्ट करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामीण शिबिरांत पालकमेळावा घेताना आयांना ‘लहान मुलांना घरी ठेवून या’ असे न सांगता मुलांसह बोलवावे, आणि विद्यार्थ्यांनी त्या मुलांसाठी खेळ मांडावेत. मातेला जे शब्दांत सांगायचे, ते तिच्यासमोर घडलेले दिसेल.

८. निष्कर्ष

(१) धाकट्या भावंडाची उपस्थिती ही घरगुती शिक्षणातील अपवादात्मक अडचण नसून सर्वसाधारण परिस्थिती आहे. शिक्षणाची मांडणी तीच गृहीत धरून व्हावी.

(२) विकासवाडीने मुलांची ताटातूट न करता जबाबदारीची फेरवाटणी केली. घरासाठीही हेच तत्त्व लागू पडते.

(३) ‘एक वस्तू, दोन धडे’ या सूत्राने घरातील नित्याच्या वस्तूंतून दोन्ही वयांच्या मुलांना अनुरूप अनुभव देता येतात. मात्र थोरल्यासाठी स्वतंत्र वेळ व स्वतंत्र जागा राखणे अनिवार्य आहे.

(४) भावंडाची सोबत शिक्षणास पोषक आहे, भावंडाचा भार शिक्षणास मारक आहे. हा भेद पालक, अंगणवाडी सेविका व अध्यापक यांनी सतत डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे.

कोसबाडच्या पाड्यावर तान्ह्या भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीचा प्रश्न ताराबाई व अनुताईंनी ऐकला, आणि पाळणाघर बालवाडीच्या शेजारी आले. सह्याद्रीच्या दुसऱ्या एका खोऱ्यात आजही तसेच एखादे मूल कडेवर भावंड घेऊन दारात उभे असेल. त्याच्या कडेवरचे बाळ काही काळ आपल्याकडे घेणे, हीच त्याच्या शिक्षणाची सुरुवात होय.